मोठ्या काचेची गाडी की तासातासाला सुटणारी?

प्रिय ताई,
आम्ही आता जुळे सोलापूरला राहतो. हे रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले. मुलगी आणि जावई झुरिकला असतात. जूनमध्ये महिनाभर त्यांच्याकडं जायचं ठरलंय. दोघांनाही सुट्ट्या मोजक्याच, म्हणून मधले दोन दिवस आम्ही दोघांनीच डोंगरातून रेल्वेनं फिरून यावं असा तिचा बेत आहे. तिनं ग्लेशियर एक्स्प्रेसचं नाव काढलंय, लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिकिटं तीच काढणार. जावई म्हणतात, बर्निना एक्स्प्रेस बरी. तिच्या ऑफिसातली मैत्रीण म्हणते, त्याच रुळांवर साधी गाडी जाते, उगाच पैसे कशाला घालवता? इथले आमचे शेजारी टूरमधून युंगफ्राऊला जाऊन आलेत, त्यांचं म्हणणं बर्फ बघायचा तर तिथंच. आणि हे म्हणतात, "जन्मभर गाडीतच बसलो, आता परदेशात जाऊन पण गाडीतच बसायचं होय?" माझा गुडघा दुखतो, ह्यांना शुगर आहे. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो. मुलीला दुखवायचं नाही. काय करावं?
– रेल्वे लाइन्समध्ये निम्मा जन्म काढलेली एक वाचक

ताई,

उत्तर आधी देऊन टाकते, कारणं मागाहून. बर्निनाच्या मार्गानं, म्हणजे सेंट मॉरिट्झहून आल्प्स ओलांडून इटलीत उतरणाऱ्या रुळांवरून जा, पण बर्निना एक्स्प्रेसचं आरक्षण करू नका. त्याच रुळांवरून दर तासाला सुटणाऱ्या साध्या गाडीनं जा. एक रात्र पलीकडं इटलीतल्या तिरानोला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी मनाला येईल तिथं उतरत, चहा-कॉफी पीत परत या. मुलीची ती मैत्रीण बरोबर बोलतेय. मात्र तिनं सांगितलेलं कारण मला लंगडं वाटतं. पैसे वाचतात हे खरं, पण पैशाचा मुद्दा या सगळ्यात शेवटचा आहे.

तुमच्या पत्रात चार गाड्या आहेत आणि प्रत्येकीचा एकेक वकील आहे. पण सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात सांगून पुढं गेलात: महिनाभर राहणार आहात. माझ्या मते निकाल तिथंच लागतो. आठ-दहा दिवसांच्या टूरवर गेलेल्या माणसाला मंगळवारी डोंगर म्हणजे मंगळवारीच डोंगर, मग पाऊस असो नाहीतर धुकं. जूनमध्ये आल्प्समध्ये सकाळी लख्ख ऊन असतं आणि दुपारी असे ढग उतरतात की समोरचा खांब दिसत नाही. ज्या दिवशी आभाळ मोकळं त्या दिवशी निघायचं, ही चैन लेकीच्या घरी मुक्कामाला गेलेल्या आईबापांनाच परवडते. महिनाभर आधी तारीख, गाडी आणि खुर्चीचा नंबर ठरवून टाकला की ती चैन गेली. पांढऱ्या ढगात आठ तास बसून राहायचं असेल तर त्याला काचेचं छत कशाला हवं?

आता ग्लेशियर एक्स्प्रेस. नाव मोठं आहे आणि ते उगाच झालेलं नाही. १९३० सालापासून ही गाडी झरमॅट आणि सेंट मॉरिट्झच्या दरम्यान धावते. २९१ किलोमीटरला सुमारे आठ तास लागतात. जगातली सगळ्यात संथ एक्स्प्रेस अशी तिची जाहिरातच करतात. आपल्याकडं कुठल्या गाडीची अशी जाहिरात केली तर लोक स्टेशन मास्तरला घेराव घालतील. वाटेत २९१ पूल, ९१ बोगदे आणि ओबेराल्प खिंडीत २,०३३ मीटर उंचीपर्यंत चढाई. सगळे डबे छताकडं वळलेल्या काचांचे, जेवण जागेवर आणून देतात. ज्यांचा प्रवासच झरमॅटहून सेंट मॉरिट्झकडं चाललाय, बॅगा बरोबर आहेत, एक दिवस निवांत बसून देश ओलांडायचा आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी.

तुमची अडचण अशी की ती तुमच्या वाटेवर नाही. झुरिकहून झरमॅटला पोचायलाच तीन तासांच्या वर जातात. तिथं रात्रीचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी आठ तास एका खुर्चीत, आणि सेंट मॉरिट्झला उतरलात की पुन्हा झुरिक गाठायला आणखी तीन-साडेतीन तास. गुडघा दुखणाऱ्या माणसाला चालण्यापेक्षा आखडून बसणं जास्त छळतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिवाय तिकिटाच्या वर आरक्षणाचे दर माणशी पन्नास फ्रँकच्या घरात जातात आणि एका फ्रँकला आपले शंभराहून जास्त रुपये मोजावे लागतात. ते पैसे मुलगी आनंदानं देईल, यात शंका नाही. प्रश्न तिच्या पैशाचा नाही, तुमच्या दोन दिवसांचा आहे.

युंगफ्राऊबद्दल थोडक्यात. शेजारी म्हणतात ते खोटं नाही, बर्फ तिथं बाराही महिने असतो. पण तिथल्या रेल्वेचा शेवटचा मोठा टप्पा सुमारे सात किलोमीटरच्या बोगद्यातून, डोंगराच्या पोटातून जातो. १९१२ साली पुरं झालेलं ते अचाट काम आहे, फक्त खिडकीतून बघायला तिथं अंधार असतो. वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर, म्हणजे जवळपास लेहच्या उंचीवर. टूरवाले लोकांना दोन तासांत वर नेऊन दोन तासांत खाली आणतात, त्यात कित्येकांचं डोकं गरगरतं. जायचंच असेल तर मुलगी-जावई बरोबर असताना जा आणि आधी डॉक्टरांना विचारा. दोघांनीच जायच्या सहलीत ते नको.

उरलं बर्निना. इथं मला जरा ऐसपैस लिहू द्या, कारण हे पत्र तुम्ही गार्डसाहेबांना वाचून दाखवणार आहात हे मला माहीत आहे. (रेल्वेनं २०२२ मध्ये गार्डचं ट्रेन मॅनेजर करून टाकलं, पण सोलापुरात ते गार्डसाहेबच राहणार.) त्यांचा 'परत गाडीतच बसायचं होय' हा सवाल मला रास्त वाटतो. म्हणून उत्तर डोंगर-दऱ्यांचं देत नाही, रुळांचं देते.

साहेब, कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढवताना मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागायचे ते तुम्ही किती रात्री बघितलंय. आपल्या बोरघाटाचा चढ १ इन ३७, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. वंदे भारत २०२३ मध्ये बँकरशिवाय तो घाट चढली तेव्हा पेपरात बातमी आली होती. बर्निना लाइनचा सगळ्यात कडक चढ सात टक्के आहे, म्हणजे साधारण १ इन १४. आणि तिथं बँकर नाही. दातेरी रूळही नाही. नुसतं चाक आणि नुसता रूळ. ही लाइन १९१० साली पूर्ण झाली आणि पहिल्या दिवसापासून विजेवर चालते. सेंट मॉरिट्झ ते तिरानो अवघे ६१ किलोमीटर, पण त्यात गाडी २,२५३ मीटरवर चढते आणि मग ४२९ मीटरवर उतरते. ४२९ मीटर म्हणजे आपल्या सोलापूरच्या उंचीच्या आसपास. बर्फाच्या कडेनं निघालेली गाडी दीडेक तासात द्राक्षांच्या मळ्यांत येऊन थांबते.

गेज मीटर, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. होटगीहून विजापूर-गदगकडं जाणारी आपली जुनी लाइन होती, तेवढंच. त्या छोट्या गाडीत बसलेली माणसं सोलापुरात अजून आहेत, त्यांना विचारा मीटर गेजची गाडी वळणावर कशी चालते ते. इथं तर लाइन वळणांचीच बनलेली आहे. आणखी एक गंमत पाँत्रेझिना स्टेशनात. झुरिकहून येताना जिथं गाडी बदलतात त्या कूरकडून येणारी लाइन एसी विजेवर आणि पुढची बर्निना लाइन एक हजार व्होल्ट डीसी विजेवर, दोन्ही विजा त्या एका स्टेशनात भेटतात. मुंबईहून आलेल्या गाडीचं पुण्याला विजेचं इंजिन काढून डिझेल लावायचे, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. इथल्या नव्या गाड्या दोन्ही विजांवर चालतात, त्यामुळे बसल्या जागी काही कळतसुद्धा नाही. पण प्लॅटफॉर्मवर उतरून वर तारांकडं बघायला हरकत नाही.

ही लाइन चालवणाऱ्या रेशियन रेल्वेनं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये याच डोंगरातून शंभर डब्यांची, सुमारे १.९ किलोमीटर लांबीची पॅसेंजर गाडी चालवून जागतिक विक्रम केला. पंचवीस गाड्या एकमेकींना जोडल्या होत्या आणि सात ड्रायव्हर ती एकाच वेळी सांभाळत होते, तेही उतारावर. अशा गाडीचा गार्ड होणं कसं वाटलं असतं, हे साहेबांनी मला कळवावं.

२००८ साली युनेस्कोनं ही लाइन जागतिक वारशात घेतली. त्याच वर्षी आपली कालका-शिमला घेतली.

आता काचेचं. बर्निना एक्स्प्रेस आणि साधी गाडी एकाच रुळांवरून जातात, तेच पूल, तेच बोगदे, तीच दरी. एक्स्प्रेसच्या काचा छतापर्यंत जातात, पण त्या उघडत नाहीत. डोळ्यांनी बघायला छान आहेत, फोटोला मात्र शत्रू. मी पॅनोरमा डब्यातून काढलेल्या फोटोंत प्रत्येक बर्फाच्या डोंगरावर समोरच्या बाईची केशरी पिशवी लटकलेली दिसते. साध्या गाडीच्या काही डब्यांत खिडकी खाली घेता येते. थंड वारा तोंडावर येतो, चाकांचा आवाज येतो, आणि वळणावर डोकं फार बाहेर न काढताही पुढं इंजिन दिसतं. तुम्हाला फरक बघायचा असेल तर त्यासाठी स्वित्झर्लंडला जायची गरज नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघणारे आपण सोलापूरकर घाट झोपेत उतरतो. एकदा दिवसाउजेडी वंदे भारतच्या बंद काचेतून खंडाळ्याचा घाट बघा आणि एकदा साध्या सेकंड क्लासच्या उघड्या खिडकीतून बघा. ज्यात तुम्हाला जास्त मजा येईल, तसा डबा तिकडं घ्या. बंद काचेत, एसीत, कुणी धक्का न देता बसणंच तुम्हाला आवडलं तर मी भांडणार नाही, जावईबापूंचं ऐका आणि बर्निना एक्स्प्रेसच काढा. तिचं आरक्षण ग्लेशियरपेक्षा स्वस्त आहे आणि कूर ते तिरानो ती चार तासांच्या थोडं वर घेते.

साध्या गाडीचे तोटेही सांगते, नाहीतर तिथं गेल्यावर मला बोल लावाल. जागा राखून नसते. रविवारी चढाईच्या काठ्या घेतलेली माणसं, सायकली, शाळेच्या सहली, सगळं त्याच गाडीत. जेवणाचा डबा नसतो. कुठला डोंगर कोणता हे कुणी माइकवर सांगत नाही. यावर उपाय सोपा: शनिवार-रविवार टाळा आणि मधल्या वारी जा. एक गाडी भरलेली दिसली तर सोडून द्या, तासाभरात दुसरी येते.

तर असं करा. सकाळी आवरून नऊच्या सुमारास झुरिकच्या मोठ्या स्टेशनातून कूरची गाडी धरा. पाटीवर वाचताना चुर वाटेल, उच्चार कूर. सव्वा तासाचा सपाट प्रवास, बाजूला लांबलचक तळी. कूरला लाल छोटी गाडी लागते, ती सेंट मॉरिट्झपर्यंत दोन तास घेते. यातला पहिला तास गप्पा मारा, पण फिलिझुर जवळ आलं की उठून बसा. लँडवासरचा पूल तिथं आहे. १९०२ सालचा, १३६ मीटर लांब, ६५ मीटर उंच, सगळा दगडी आणि सगळा वळणात. गाडी पुलावर वळत असते आणि समोर उभा कडा दिसतो, ताशीव भिंतीसारखा सरळ. रूळ त्या कड्यातच घुसतात. पुलाचं शेवटचं टोक म्हणजेच बोगद्याचं तोंड. शेवटच्या डब्यात बसलात तर गाडीचं तोंड डोंगरात गडप होताना दिसतं आणि आपण अजून हवेतच असतो. गार्डसाहेबांना शेवटच्या डब्याची सवय आहेच, त्यांना तिथंच बसवा.

त्यापुढं बर्ग्युन ते प्रेडा. इथं दरी इतकी अरुंद आणि चढ इतका की इंजिनियरांनी लाइन डोंगराच्या आत गोल गोल फिरवली. तेच चर्च एकदा डाव्या खिडकीत दिसतं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि दर वेळी थोडं खाली गेलेलं असतं. कोणत्या बाजूला बसावं हा प्रश्न इथं निकालात निघतो.

सेंट मॉरिट्झ हे श्रीमंतांचं गाव. गावात काही बघू नका. स्टेशनाच्या खालीच तळं आहे, तिथं बाकावर बसून जेवून घ्या. मग तिरानोची गाडी. या टप्प्यात मात्र जाताना उजव्या बाजूला बसा, हिमनदी आणि तळं दोन्ही त्या बाजूला येतात. ओस्पिझियो बर्निना हे सगळ्यात उंच स्टेशन. तिथं दोन तळी जवळजवळ आहेत, एक काळपट, एक दुधाळ. काळ्याचं पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, दुधाळ तळ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. दोन्हींच्या कडेनं गाडी जाते. जूनच्या सुरुवातीला गेलात तर पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसू शकतात. शाल वर ठेवू नका, अंगावर ठेवा. ही उंची महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त आहे आणि तुम्ही सोलापूरच्या उन्हातून निघून तिथं जाणार आहात.

मग उतार. ब्रुझिओजवळ नऊ कमानींचा एक गोल पूल आहे. उतार आटोक्यात ठेवायला गाडी मोकळ्या मैदानात पूर्ण चक्कर मारते आणि आत्ताच ज्या पुलावरून आली त्याच्याच एका कमानीखालून बाहेर पडते. तिरानोत शिरताना तर ती सरळ रस्त्यावर येते, मोटारी थांबतात, आणि मोठ्या चर्चसमोरच्या चौकातून गाडी चालत्या माणसाच्या बेतानं जाते. प्लॅटफॉर्म नाही, फाटक नाही. साहेबांच्या तोंडून इथं नक्की काहीतरी निघेल, ते छापण्याजोगं असलं तर कळवा.

तिरानो इटलीत. स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेनमध्ये, त्यामुळे वेगळा व्हिसा नको, पण पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नका. खर्चाला युरो लागतील. मुक्काम स्विस बाजूपेक्षा बराच स्वस्त पडतो. जेवायला पित्सोकेरी मागा: कुट्टूच्या पिठाच्या चपट्या शेवया, त्यात बटाटा, कोबी आणि भरपूर चीज. शाकाहारी आहे. भूक असेल तेवढंच मागवा, एका ताटात दोघांचं होतं.

दुसरा दिवस मोकळा ठेवा. परतताना पोस्कियाव्होला उतरून चौकात कॉफी घ्या, आणि तासा-दोन तासांनी पुढची गाडी धरून आल्प ग्र्युमला उतरा. तिथं मोटारीचा रस्ताच येत नाही, रेल्वेनं या नाहीतर पायी. स्टेशन एका कड्यावर आहे, समोर पालू हिमनदी, खाली आत्ता चढून आलेली सगळी वळणं. फार चालायचं नाही, बसायचं. माझ्या मते अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं ठिकाण हेच, आणि हीच गोष्ट आरक्षणाच्या गाडीत जमत नाही. तिथं फार तर काही मिनिटं गाडी थांबते आणि सगळे एकदम फोन काढून दाराशी गर्दी करतात. लहान स्टेशनांवर गाडी मागितली तरच थांबते, डब्यात बटण असतं, ते वेळेवर दाबायचं. प्रवाशानं बटण दाबलं की गाडी थांबते, हे पचवायला गार्डसाहेबांना जड जाईल. संध्याकाळी उशीर झाला तरी घाबरू नका, जूनमध्ये तिकडं नऊनंतरही उजेड असतो.

बोलायला अडखळता म्हणालात. बोलावं लागतच नाही. मुलीकडून मोबाइलवर एसबीबीचं, म्हणजे स्विस रेल्वेचं, अॅप टाकून घ्या, प्लॅटफॉर्म नंबर, बदलायची गाडी, उशीर, सगळं त्यात दिसतं. डब्यात पुढच्या स्टेशनाचं नाव पडद्यावर येतं.

तिकिटांचं जरा नीट वाचा. तिथं सेव्हर डे पास मिळतो, एका तारखेला देशभर कुठंही फिरा असा. काही महिने आधी घेतला तर स्वस्त, जवळ आला की महाग, आणि घेतला की परत होत नाही. स्वस्त दिसतो म्हणून मुलगी तो सुचवेल. नको म्हणा, कारण तो तारखेला बांधून टाकतो आणि आपण सगळा खटाटोप तारीख मोकळी ठेवण्यासाठी करतोय. त्यापेक्षा पर्यटकांसाठी महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड घ्या. बहुतेक तिकिटं निम्म्यात मिळतात, आणि महिनाभरात मुलगी तुम्हाला आणखी दहा ठिकाणी नेणारच आहे, तिथंही ते चालेल. मोठा स्विस ट्रॅव्हल पास फक्त या दोन दिवसांसाठी घेण्यात अर्थ नाही.

आता मुलीचं. तिला 'नको' म्हणू नका, 'हे दे' म्हणा. हाफ फेअर कार्डं तिनं घ्यावीत. तिरानोच्या हॉटेलची रात्र तिनं द्यावी, फक्त आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असं हॉटेल बघायला सांगा. कूरपासून पुढं फर्स्ट क्लास काढून द्यावा, साध्या गाडीतही तो असतो आणि तिथं गर्दी कमी असते, गुडघा पसरायला जागा मिळते. एवढं सगळं मिळूनही भेट भेटच राहते आणि तिच्या आईला आठ तास एका जागी बसावं लागत नाही. जावयांना सांगा, मार्ग तुम्ही सांगितला तोच घेतलाय. ते खुश होतील.

खाण्याचं. शुगर आहे, साध्या गाडीत पँट्री नाही, म्हणून डबा बरोबर हवाच, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापूरहून बिनधास्त न्या, दोन्ही टिकतात आणि दोन्ही चालतात. तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिकडं बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. चटणीचं पाकीट डब्यात उघडताना तेवढं बेतानं, लसणाचा वास बंद डब्यात लांब जातो. खिडकी उघडणारा डबा असेल तर ती काळजी नाही.

आणि समजा तुमच्या नशिबानं सगळे दिवस बर्निनावर ढगच राहिले, तर हट्ट करू नका. झुरिकहून पाऊण तासात लुसर्न, आणि तिथून इंटरलाकेनची गाडी घ्या. दोन तासांचा रस्ता, तळ्यांच्या कडेनं, ब्रुनिगची खिंड हजार मीटरच्या आसपास, ढगांच्या खालूनच जाते. दातेरी रूळ बघायचा राहून गेला असं साहेबांना वाटत असेल तर तोही तिथं आहे. हाफ फेअर कार्ड चालतं, आरक्षणाची सक्ती नाही, आणि रात्री जेवायला लेकीच्या घरी.